नांगर

शाळेच्या पत्र्यावर एक पांढरी थाळी बसवली,
तिचं तोंड पाण्याकडे.
दुसरी इथे, लाँचच्या टपावर,
तिचं तोंड शाळेकडे.
मध्ये सहा किलोमीटर शिवसागर,
आड यायला झाड नाही, टेकाड नाही.
कागदावर सगळं सरळ होतं.

गाळ मोजणारी ही सर्वेची लाँच.
दिवसभर तळाचा कानोसा घेते,
संध्याकाळी आकडे साताऱ्याला धाडायचे.
मी त्यासाठीच आले, करंजे पेठेतून,
एक पाना, एक मीटर, केबलची दोन वेटोळी
आणि पाण्यावर कधी न बसलेलं पोट घेऊन.

पहिल्या संध्याकाळी चार कांड्या लागल्या.
मी फोटो काढला.
फोटो निघेपर्यंत दोनच.
वारा वासोट्याकडून वळला
आणि लाँच हळूच, कुणाला न विचारता,
दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी फिरली.
थाळीचं तोंड जंगलाकडे.
हैबती म्हणाला, बरं झालं,
गव्यांना फुकट नेट.

मग काय काय केलं.
थाळी काढून काठी लावली, चहूकडे बोलणारी.
ती सगळ्यांशी बोलायची, म्हणून कुणाशीच धड नाही.
डोलकाठी पाच फूट वाढवली.
जास्तच डोलली, नाव उगाच पडलेलं नाही.
पाणी निवांत असलं की आणखी वाईट :
तीच हाक आरशावरून उसळून दुसऱ्यांदा यायची
आणि पहिलीच्या पायात पाय घालायची.
बॅटरी रात्री दोनला मेली.
शंभर हाका मारल्या की एकसष्ट परत.
साहेब म्हणाले, एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास.
(हे ऐकायला मी होडीने बामणोलीच्या धक्क्यावर गेले होते.)

"दोन नांगर टाकू. एक म्होरं, एक मागं."
टाकले.
मागचा सरकत राहिला.
गाळ म्हणजे दह्याची साय,
रुतू देतो, धरत नाही.

चौथ्या दिवशी हैबतीनं चुलत्याला आणलं.
धोंडजी उतेकर.
वय विचारलं तर म्हणाले, धरणाच्या आधीचा.
पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.
कपाळावर हात धरून
ह्या डोंगराची खिंड त्या डोंगराच्या सोंडेशी जुळवली,
मग मान वळवून दुसरी एक जोडी,
हैबतीला वल्ह्यागत हातानं डावीकडे, अजून डावीकडे,
बास.
माझ्या यंत्राला एवढ्यासाठी चार उपग्रह लागतात.

"हितं टाक. गाळाखाली मुरूम हाय.
बाप नांगर धरायचा तर फाळ उडायचा वर.
लई शिव्या घालायचा ह्या रानाला."

नांगर गेला.
साखळी बराच वेळ जातच राहिली.
मग एक हिसका,
टपावरचा चहाचा कप आडवा,
आणि लाँच उभी.

थाळी परत चढवली.
पाना अर्धा आटा, आणखी पाव, थोडा मागे.
सत्त्याण्णव.
पुन्हा मोजलं, सत्त्याण्णव.
चार दिवसांचे साठलेले आकडे
गोठ्यातून सुटल्यासारखे निघाले.

"काय धाडलंस गं?"
म्हटलं, खोली. कुठे किती पाणी, किती गाळ.
"आन हितं?"
एकोणीस मीटर पाणी. खाली दीड मीटर गाळ.
ओठ हलवत त्यांनी हिशोब केला.
"बारा पुरुस."
जरा वेळानं,
"गाळ कसला? काळा?"
काळा.
"मंग आता पिकंल की."
आणि तंबाखूची चंची उघडली.

रात्री वारा फिरला तशी मी उठून बाहेर आले.
हिरवा दिवा शाळेकडेच.
मागच्या बाजूला हैबती लेकीशी व्हिडिओवर भांडत होता.
तिला पाणी बघायचं होतं,
हा फोन बाहेर धरून धरून दाखवत होता,
आणि तिकडे ती म्हणत होती,
अप्पा, काळं दिसतंय नुसतं.