‘आम्ही’ खोडताना

थंकच्चन सरांनी लाल शाईनं पहिल्याच पानावर
अकरा वेळा ‘आम्ही’ खोडलं.
म्हणाले, वृषाली, परीक्षक विचारणार
तू काय केलंस. कंपनीनं नाही. तू.
चार्टर्ड व्हायचं तर एकटीनं उभं राहावं लागतं.

सोहारमध्ये तेव्हा रात्रीचे साडेनऊ.
केबिनचा एसी खोकत होता,
बाहेर मिक्सरच्या गाड्यांची रांग.
उन्हाळ्यात आम्ही काँक्रीट रात्रीच ओततो,
पाण्यात बर्फ घालून
(पाहा, परत ‘आम्ही’).

कराडच्या तंत्रनिकेतनात कुणी शिकवलं नव्हतं
एकवचनात बोलायला.
तिथं पाया खोदण्यात आला,
नमुने घेण्यात आले,
चूक झाल्याचे निदर्शनास आले.
कुणाची, ते कधीच नाही.

आणि घरी बाबा,
विटा-मायणी रस्त्यावरचे मैलकुली,
एसटीच्या खिडकीतून बोट दाखवायचे:
हा रस्ता आम्ही केलाय.
मापवहीत त्यांचं नाव नव्हतं.
हजेरीपटावर होतं, तेही चुकीचं.

मग मी खोडत गेले. तीन महिने, दर शुक्रवारी,
गॅलरीतल्या ओढण्यांवर धूळ बसेपर्यंत.
‘वादीकडच्या भिंतीचा निचरा मी बदलला.’
खरं आहे.
पण तो कोरडा ओढा पाऊस आला की कुठून वळतो
ते सालिम मकबालीनं दाखवलं, वाळूत काठीनं रेघ ओढून;
त्याच्या आजोबांच्या खजुरी तिथूनच वाहून गेल्या होत्या.

‘स्लॅबचं काम मी थांबवलं.’
हेही खरं.
पण सळयांचं अंतर चुकलंय
हे सांगितलं मोफिज्जलनं, तेही न बोलता.
त्यानं फक्त टॉर्च तिथं धरून ठेवला,
मुकादम ‘चल पुढं, चल’ ओरडत असताना.
चार हजार शब्दांत
त्या टॉर्चला जागा झाली नाही.

मुलाखत पडद्यावर. समोर तिघं,
एका बाईंच्या मागं कुठल्यातरी थंड गावाची ओली खिडकी.
पन्नास मिनिटं मी, मी, मी.
शब्द नव्या बुटासारखा चावत होता.
शेवटी त्या बाईंनी विचारलं,
असं कधी झालं का,
की तुम्हाला दिसलं आणि तुम्ही बोलला नाहीत?

वहीत उत्तर तयार होतं, गिलावा केलेलं.
मी म्हणाले, हो.
जून महिना. दुपारच्या कामबंदीची वेळ.
समोरच्या छतावर चौघं डांबर पसरत होते.
मी केबिनच्या खिडकीतून पाहिलं
आणि पडदा ओढला.
ऊन लागत होतं मला.

‘मी’ हा शब्द तेवढ्याच वाक्यात
कुठंही चावला नाही.

काँक्रीटचा ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून
मग दाबून फोडतात, तेव्हा कळतं त्याचं बळ.
मला सतरा वर्षं लागली.
निकाल आला तेव्हा मी लॅबमध्येच होते,
मशीनचा काटा चढत होता,
म्हणून मेल आधी अर्धाच वाचला.

बाबांना फोन केला.
म्हणजे काय गं? पगार वाढला?
थोडा.
मग काय वाढलं?
म्हटलं, सही. आता माझ्या सहीखाली जे असेल
ते माझ्या अंगावर.
पलीकडं टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला.
मग वाचून करत जा, म्हणाले.
आणि जेवलीस का?

त्या रात्री चौदा नंबरचा स्लॅब.
मोफिज्जलनं टॉर्च धरला, मी वाकले,
टेप लावली. बरोबर होतं सगळं.
‘तपासणार’च्या रकान्यात माझं नाव,
मागं ती नवी अक्षरं, अजून अवघडलेली.
शेरा म्हणून जी ओळ असते,
जी कुणी वाचत नाही,
तिथं पेन टेकवून मी विचारलं,
तुझ्या नावात झेड किती? एक की दोन?

तो आधी घाबरला, काय चुकलं म्हणून.
मग म्हणाला, दोन.