वर्गीकरण

घोरपडे पेठेतल्या शाळेचा दुसरा मजला,
शनिवार दुपार,
चौथीच्या बाकांत गुडघे न मावणारी
आम्ही अकरा माणसं.
फळ्यावर सकाळचं शुद्धलेखन तसंच राहिलेलं:
नदी, परीक्षा, दिवाळी.
त्याखाली मृण्मयीनं खडूनं लिहिलं,
यंत्राला काय कळतं?

श्रीखंडे सरांनी 'कळणं म्हणजे काय' इथून सुरुवात केली
आणि चहा येईपर्यंत ते तिथंच होते.
टिपणं काढायचं काम माझ्याकडे.
मी लिहिलं, कळणं,
पुढे दोन टिंबं,
पुढे काही नाही.

मग पडद्यावर एक फोटो.
यंत्र म्हणालं, कचरा.
दुसरा. कचरा.
तिसऱ्याला क्षणभर थांबलं, आम्हाला जरा आशा वाटली,
कचरा, म्हणालं, नव्व्याण्णव टक्के खात्रीनं.

छबूताई अडागळे मागच्या बाकावरून उठल्या.
सव्वीस वर्षं सहकारनगरच्या त्याच चार गल्ल्या,
तेच जिने, तीच कुत्री, कुत्र्यांची पोरं, त्यांची पोरं.
"कचरा कुठंय ह्यात?
ही दुधाची पिशवी. हा फुगा. हे कडक.
ही पाण्याची बाटली, झाकणाचा भाव वेगळा.
हे काळं, ह्याला भंगारवाला हात लावत नाही.
आणि कोपऱ्यात गोळ्यांचं पाकीट."
थांबल्या.
"पाकिटावरून मला कळतं कुठल्या बिल्डिंगीत कोण आजारी,
कोण बरं झालं, कोण आता गोळ्याच घेत नाही.
मी कुणाला सांगत नाही.
कळलेलं सगळं सांगायचं नसतं,
हे शिकवलंय का ह्याला कुणी?"

ओजसनं लॅपटॉपकडे पाहिलं,
जणू तोच उत्तर देईल.

त्यांनी झोळीतून पिशव्या काढल्या,
डोळे मिटले, एकेक चुरगाळली.
"ही पातळ. ही जाड. ही पातळ, पण भिजून वाळलेली."
एकदाही चुकल्या नाहीत.
माइक चालू होता, यंत्रही ऐकत होतं.
पडद्यावर अक्षरं उमटली: टाळ्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"ह्याला शिकवतं कोण पण?"
ओजस म्हणाला, माणसंच. लांब कुठंतरी
ओळीनं बसून एकेक फोटो बघतात,
त्याला नाव देतात, पुढचा बघतात.
हे चांगलं, हे वाईट, हे दाखवण्यासारखं नाही.
फोटोमागे काही पैसे मिळतात.

"म्हणजे वेचतात," छबूताई म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच त्या पडद्याजवळ गेल्या,
वाकून बघितलं, जसं खिडकीतून
आत कुणी आहे का बघावं.

"घाणही येत असंल त्यांच्याकडं."
येते, ओजस म्हणाला. बघू नये असं सगळं
आधी त्यांनाच बघावं लागतं,
म्हणजे मग आपल्याला दिसत नाही.

"मग त्यांना हातमोजे कसले देतात?"

खाली मैदानात कुणाचा तरी चेंडू भिंतीवर
आपटत होता, आपटत होता.
श्रीखंडे सरांनी चष्मा काढला, पुसला,
घातला नाही.
पंख्याचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला तेव्हा कळलं.

सहा वाजता शिपाई कुलूप घेऊन दारात उभा.
मृण्मयी म्हणाली, पुढच्या शनिवारी पुन्हा,
आज फार काही पुढे गेलो नाही, पण
आणि तिनं वाक्य तसंच सोडलं.
चहाचे कागदी कप एकात एक घालून
छबूताईंनी केव्हाच बाजूला ठेवले होते.
फळा कुणी पुसला नाही.

जिन्यात त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला.
मला वाटलं, वाचणार.
अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला,
उजेडाकडे केला.
"पांढरा आहे. भाव येतो ह्याला,"
म्हणाल्या, आणि परत दिला.