मीटरवरची गोगलगाय

लाल रंग मीच टाकला.
वाढदिवसाच्या केकवरून उरलेला,
पाच थेंब टाकीत, आणि झाकण ठेवलं.
अर्धा तास कुणी फ्लशला हात लावायचा नाही, म्हटलं.
ताहिर दाराशी पहाऱ्याला, पाय आवळून.

अर्ध्या तासाने भांड्यात
एक गुलाबी धागा उतरत होता,
न तुटता, कसलीही घाई नसल्यासारखा.
म्हणजे चोर घरातलाच.

त्या वर्षी केपटाऊनमध्ये पाणी मोजून होतं,
माणशी पन्नास लिटर.
अंघोळीचं पाणी आम्ही टबात धरायचो,
त्याच पाण्याने फरशी, फरशीचं उरलेलं लिंबाच्या बुंध्याला.
आणि रात्रभर भिंतीपलीकडे
प्यायचं, चांगलं पाणी
कुणाच्या नकळत खाली निघालेलं.
डोंगरावर ढग रोज यायचा,
टेबलावरच्या चादरीसारखा पसरायचा
आणि थेंबही न सांडता घडी होऊन जायचा.

शेजारचे गसांतकाका आले,
बत्तीस वर्षं गोदीत जहाजं दुरुस्त केलेले.
हात पाठीमागे बांधून म्हणाले,
"फदवा, नवीन बसव. अख्खं."
अख्खं म्हणजे चारशे रँड.
मी शाळेचे गणवेश शिवते.
चारशे रँड म्हणजे अकरा स्कर्ट, चुण्यांसकट.

कोपऱ्यातला कॉक बंद केला.
किती वर्षांत फिरला नव्हता,
करकरला, मग ऐकला.
टाकीच्या तळाशी गाळ
आणि एक हेअरपिन. माझीच.
ती तिथे कशी गेली ते विचारू नका.
साखळी सोडवून झडप उचलली.
खाली वॉशर, काळा, फुगलेला,
बोट लावलं तर बोटाला काजळ.
कडेला एक चीर, भाताच्या शिताएवढी.
एवढ्याशा तोंडाने
किती प्यायली असेल मेली.

दुकानातून आणलेला वॉशर मोठा निघाला.
बदलून आणला तो लहान.
तिसऱ्यांदा गेले तर जाळी ओढलेली.
शुक्रवार. दुकानदार मशिदीत.

मग मी माझं काम केलं.
गरम पाण्याची रबरी पिशवी,
जिने तीन हिवाळे माझी कंबर सांभाळली,
ती टेबलावर आडवी घातली.
जुना वॉशर वर ठेवून खडूने आखला,
गळा आखतात तसा.
मोठ्या कात्रीने बाहेरचा गोल,
वाकड्या कात्रीने आतला.
"टिकणार नाही," गसांतकाका म्हणाले.
"टॉर्च जरा खाली धरा," मी म्हटलं.

बसायची कड व्हिनेगरने घासली.
क्षाराचे पापुद्रे निघाले, अंड्याच्या कवचासारखे.
साखळी एक कडी सैल ठेवली.
ताणली तर झडप टेकत नाही,
फार सोडली तर स्वतःच्याच खाली अडकते.
वाढत्या मुलींच्या कंबरपट्ट्या शिवणाऱ्या बाईला
हे कुणी शिकवावं लागत नाही.

रात्री फाटकापाशी मीटर उघडला.
काचेवर गोगलगाय,
नेमकी त्या बारीक लाल चक्रावर.
मी तिला हलवलं नाही.
चप्पल काढून तिथेच बसले, टॉर्च विझवून, पेटवून.
फार वेळाने ती बोटभर सरकली.
चक्र थांबलेलं होतं.

तेवढ्यात आत ताहिरने फ्लश ओढला.
गर्रकन फिरलं ते,
सात, आठ, नऊ लिटर,
मी दातओठ खात मोजत राहिले,
आणि मग थांबलं. खरंच थांबलं.

कुंपणापलीकडे विडीचं टोक लाल झालं.
"टिकलं?"
"आजची रात्र तरी."

झाकण लावताना
गोगलगाईची शिंगं आत जाईपर्यंत
हात तसाच धरून ठेवला.