कोल्ह्याची पाळी

दुकानदारानं विचारलं, वय किती?
म्हटलं, तीन पूर्ण, वर आठ महिने.
राजारामपुरी, शनिवारची संध्याकाळ,
माझ्या नखांत अजून कास्टिंगची काळी
आणि काउंटरची काच इतकी स्वच्छ
की हात कुठं ठेवावा कळेना.

त्यानं आधी सापशिडी काढली.
पहिली म्हणून सगळे हीच नेतात, म्हणाला.
पट उलगडून बघितला.
अठ्ठ्याण्णववर तोच, आ वासून बसलेला,
माझ्या लहानपणी होता तसाच,
नुसता रंग जरा भडक.
त्याच्यापायी मी एकदा पट फाडला होता,
चुलतभाऊ संभा दोन दिवस बोलला नव्हता.
नको म्हटलं. एवढ्यात नको.

ल्युडोच्या सोंगट्या हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या.
खिशातला व्हर्नियर काढून धरला, नऊ पॉइंट चार.
काय ओ, बोअर मोजताय काय?
घशाचं बोअर, म्हटलं, पोरीच्या.
मागल्या महिन्यात शर्टाचं बटण गिळलंय तिनं,
तीन दिवस वाट बघत होतो आम्ही.

व्यापार पण नको. तिला दहापर्यंत येतं
पण सहावरनं ती थेट आठावर जाते.
सात आवडत नाही. का, ते विचारू नका.

मग वरच्या फळीवरनं, धूळ झटकत, एक डबा.
चार लाकडी कोंबड्या, एक खुराडं, एक कोल्हा.
फाशावर आकडे नाहीत, रंग.
लाल पडला, लाल कोंबडी एक घर पुढं.
कोल्हा पडला, कोल्हा एक घर पुढं.
तो पोचायच्या आत चौघी आत, तर सगळे जिंकले,
नाहीतर सगळे हरले.
सगळे?
सगळे, म्हणून तर खपत नाही.
आपल्याकडं एकाची पाठ लागल्याशिवाय
कुस्ती झाल्यासारखी वाटत नाही लोकांना.

कोंबडी, चौतीस मिलिमीटर.
चारशे वीसचे चारशे केले.

घरी राजनंदिनीनं आधी कोल्हा चाटून बघितला.
रंग उतरला नाही.
मग डाव. रंग कळले, घरं कळली,
पाळी तेवढी कळेना.
आता माझी. आता पण माझी.
सुजाता म्हणाली, दूध सेंटरवर रांग असते ना, तशी.
मग ती थांबली.
दोन्ही हात मांडीखाली दाबून,
डोळे फाशावर,
आख्खं अंग त्या थांबण्याला जुंपलेलं.
एवढा जोर मी चक आवळतानाही लावत नाही.

कोल्हा दोन घरांवर आला. हिरवी एकटीच बाहेर.
मनात म्हटलं, आलं अठ्ठ्याण्णव.
फासा पडला, कोल्हा.
फासा पडला, परत कोल्हा.
मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो,
आता रडणार, पट उधळणार, माझीच लेक.

पोचला, म्हणाली.
त्याला उचलून खुराड्यात ठेवला
कोंबड्यांच्या शेजारी, तोंड भिंतीकडं करून.
हिरवीला पण आत घेतली.
रात्र झाली. आणि आपलं गाव
कोल्ह्याचंच हाय की.

नियमाचा कागद माझ्या हातात होता.
त्यात हे नव्हतं.

हिरवी आठवड्यातच हरवली.
कॉटखाली नाही, कपाटामागं नाही,
कोल्ह्यानं नेली असंही ती म्हणेना.
मग जेवणाच्या सुट्टीत, मालकाची नजर चुकवून,
उद्यमनगरात, लेथवर, पितळेच्या तुकड्यातनं
एक कोंबडी टर्न केली. चौतीस मिलिमीटर.
चोच कानशीनं काढली, ती जरा वाकडी आली.

राजनंदिनीनं हातावर तोलून बघितली.
ही जड हाय.
हिला चालायला वेळ लागणार.
हिची पाळी दोनदा.