चार सेंटिमीटर माया

शाळेचा प्रिंटर एकच, आणि तो ए-फोरच्या पलीकडे
जग मानत नाही.
दोन्या एदेल्मिरा नाउएल्किन पेन ड्राइव्ह घेऊन आली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला.
म्हणाली, सभागृहाच्या भिंतीवर लाव. मोठा लाव.
मला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे.

फोटोत एक घर चाललं आहे.
चिलोएच्या बेटांवर घरं अशी चालत:
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या,
दोराला अख्खं गाव लोंबकळलेलं,
आणि कडेला भरतीची वाट बघणारा समुद्र,
जो ते पाठीवर घेऊन पलीकडच्या बेटावर उतरवणार.
मजुरी नाही. नंतर बटाटे, शिंपले, सफरचंदाची दारू.
खिडकीला पडदा तसाच आहे,
काढायला कुणी विसरलं असेल.

मी फोटोवर जाळी टाकली.
आठ उभ्या, तीन आडव्या: चोवीस कागद.
एक फळी न उचकटता ज्याने खाडी ओलांडली
त्या घराचे, माउसच्या एका टिचकीत, चोवीस.

"हा माझा बाप."
तिने पडद्यावर बोट टेकवलं.
अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा, टोपी मागे सरकलेली,
आणि रेघ बरोबर नाकावरून.

जाळी डावीकडे सरकवली. बाप वाचला,
रेघ एका पोराच्या मानेवर आली.
"तो दामासो. त्याला नको. त्याचं आधीच फार झालंय."
उजवीकडे सरकवली: बैलाचा डोळा.
"बैल चालेल?"
"बैल कुणाचा ते ठाऊक आहे का तुला?
त्याचा मुलगा समारंभाला येणार आहे."

प्रिंटर कागदाच्या काठापर्यंत पोचत नाही,
हात आखडता घेतो चारी बाजूंनी.
म्हणून शेजाऱ्याचं थोडं आपल्यावर छापून घ्यायचं,
शिंपी शिवणीत सोडतो तशी माया.
मी एकच सेंटिमीटर सोडली होती. शाई सरकारी.
चार केली.
कागद तीस झाले
आणि बाप दोन्हीकडे अख्खा आला,
सहाव्याच्या उजव्या काठाला, सातव्याच्या डाव्या,
दोन बाप एकाच दोराला.

दुपारभर प्रिंटर खोकत राहिला.
एका कागदावर नुसते खूर.
एकावर कोपर, पण कुणाचं ते पुढच्या कागदावर.
एक पूर्ण राखाडी, त्यात स्कॅनरच्या काचेवरचं केस,
"ही वीज का?" असं कुणीतरी विचारलं.
काळी शाई शेवटच्या ओळीत हरली,
म्हणून समुद्र फिकट आहे.

डिंक पुरला नाही तशी स्वयंपाकघरात खळ शिजली.
न बोलावता माणसं आली,
रोसामेल होडीवाला ओल्या बुटांनीच.
जमिनीवर पसरून, मागच्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून
आधी वाद, मग जुळवणी.
ओळ दुसरीचा तिसरा उलटा लागला होता,
अर्धा तास घर आकाशाकडे चाललं होतं
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

सहावा चिकटवायच्या आधी दोन्या एदेल्मिराने
माझ्या हातातली कात्री घेतली.
"हा खालचा. हा खळीत बुडणार, दिसणार नाही, हो ना?"
मी हो म्हणालो.
तिने काठाची पट्टी कापली, वरपासून खालपर्यंत, सावकाश,
जीभ दातांत धरून,
घडी घालून मोज्यात ठेवली.
पेन ड्राइव्ह टेबलावरच विसरली.

त्यामुळे तिथे माया उरली नाही.
दोन काठ नुसते एकमेकांना टेकून आहेत.
जुलैत खाऱ्या हवेने भिंत पाझरते
तेव्हा इतर एकोणतीस कागद गप्प असतात,
सातवा तेवढा डावीकडून उचलतो.
सोमवारी घंटा द्यायच्या आधी
मी जाऊन अंगठ्याने दाबतो.
नखाएवढाच आहे,
टोपीसकट मावतो.