हलगीवरून

विट्याच्या स्टँडमागं दस्तगीर मुलाणीचं दुकान.
डीव्हीडी दोन हजार सहाची, कॉपी करताना
आवाज मागं राहिलेला:
सुरुवातीला पापणी लवण्याइतका,
जेवणावळीपर्यंत पार दीड सेकंद.
भटजी तोंड मिटतात, मग ‘सावधान’.

त्यानं वरातीतला हलगीवाला शोधला.
टिपरू कातड्याला टेकलं, ती फ्रेम थांबवली,
आवाजाचा सुळका ओढून तिच्याखाली आणला.
शेवटच्या हलगीला पुन्हा तसंच.
मधलं जरा आवळून बसवलं.

आता ताट आदळतं तेव्हाच वाजतं.
फक्त अण्णांचे ओठ आधी हलतात,
शब्द मागनं.

दस्तगीरचा हात पुन्हा माउसकडं.
‘ऱ्हाऊ द्या,’ कुमुदिनी म्हणाली,
‘ते बोलायच्या आधी
एकदा नुसतंच बोलून बघायचे.’