आधी पाणी

झाकण उघडायला दोघं लागतात.
एक आकडा हेविनच्या हातात, एक माझ्या.
टायवी नदीवरचं धुकं अजून उठलेलं नाही,
डेपोतल्या अकरा लॉऱ्या झोपलेल्या,
आणि आम्ही दोघं ओणवून जमिनीला विचारतोय :
सहा महिन्यांत काय काय गिळलंस, बाई?

वास आधी येतो.
मग टॉर्चच्या उजेडात तवंग,
जांभळा, हिरवा, मध्येच तांबूस,
इतका देखणा की लाज वाटावी.
हेविन काठी बुडवतो, वर काढतो,
पुसतो, पुन्हा बुडवतो :
चार बोटं तेल. तळाशी वीतभर गाळ.
"बरं चाललंय," म्हणतो,
डॉक्टर पोट दाबून म्हणतात तसं.

ही टाकी घेताना भावाशी भांडले होते मी.
ग्विनला स्वस्तातली हवी होती,
रिमझिम असेल तोवर गाळणारी
आणि मुसळधार आली
की जादा पाण्याला वरच्या वर वाट देणारी.
गाड्या नुसत्या उभ्या राहतात तिथे चालते ती.
पण आमच्याकडे डिझेलचा पंप आहे.
थेंब थेंब रोजच सांडतं,
आणि ज्या दिवशी नळी सुटेल
तो दिवस काही आभाळ बघून येणार नाही.
मी म्हणाले, आपल्या बाबांसारखी नको.
बारीकसारीक कुरबुरी कान देऊन ऐकायचे,
मोठं काही आलं की टोपी घालून बाहेर.
ग्विन हसला नाही.
सही केली.
सगळं पाणी थांबवून घेणारी आली.
किंमत सांगत नाही,
त्या वर्षी आईच्या घराचं छप्पर राहिलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मॅक्सेन, वय सतरा,
लॉरी चकचकीत करायची भारी हौस.
साबणाचा अख्खा कॅन ओतला यार्डात.
साबण भला माणूस हो.
तेलाचा हात पाण्याच्या हातात देतो,
जन्माचं वैर मिटवतो,
आणि दोघं गळ्यात गळा घालून
टाकीतून, गाळणीतून,
घंटीला चाहूल न लागू देता
दुधाळ होऊन ओढ्यात गेले.
या टाकीचं पोट भांडणावर चालतं
हे कुठल्या तोंडानं सांगू पोराला?
सांगितलं. आता धुण्याचा चौथरा वेगळा,
त्याचं पाणी मैल्याच्या नळाला.
मॅक्सेननेच पिवळी रेघ मारली मधोमध,
थोडी वाकडी.

टँकर घरघरतो, तेल ओढतो, गाळ ओढतो.
गाळणी काढून हेविन धुतो,
हळू, कुणाची तरी दाढ धरल्यासारखी.
मग घड्याळ बघतो :
दुपारच्या आत कार्डिगनला दुसरी टाकी.
"कोरडी ठक्क केली. निघू?"
थांब.

मागच्या खेपेचा माणूस असाच निघून गेला होता.
रिकामी टाकी दिसते स्वच्छ,
पण तेलाला तरंगायला पाणी लागतं खाली.
नाहीतर तळाची वाट त्यालाच आधी सापडते.
मी नळी सोडते. पाऊण तास लागणार.
हेविन काही बोलत नाही, डबा उघडतो,
अर्धं सँडविच माझ्याकडे सरकवतो.
पाणी वर चढताना आवाज बदलत जातो,
आधी ढोलासारखा, मग घागरीसारखा,
मग नुसता.

वहीत लिहिते : तारीख. तेल. गाळ.
गाळणी धुतली. घंटी वाजवून पाहिली.
पाणी भरलं, याच्याखाली दोन रेघा.

एवढ्यात ग्विन चहा घेऊन आला.
नऊ वर्षांत पहिल्यांदाच वाकून पाहिलं त्याने आत.
बराच वेळ पाहिलं.
"यात तर काहीच दिसत नाही."
नाहीच दिसणार, मी म्हणाले.

झाकण लावायलाही दोघं लागतात.
हेविनने आपला आकडा
त्याच्या हातात दिला.